चॉकलेटच्या पुस्तकाची पारख



बीबीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. बीबी म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले गाव. घरात ओव्हन येऊन सहा महिने झाले. मोबाइलवर पाहून त्यांनी दोनदा चॉकलेट केक केला. एक मधोमध खचला आणि दुसरा इतका घट्ट झाला की सुरीच चालेना. घरात कुणी रागावले नाही. फक्त "विकतचा आणला असता तर स्वस्त पडला असता," एवढेच कुणीसे म्हणाले, आणि तेच त्यांना लागले. आता घरखर्चातून थोडे पैसे बाजूला ठेवून त्यांना चॉकलेटच्या गोड पदार्थांचे एक चांगले पुस्तक घ्यायचे आहे. हात बसला तर पुढे आळीतल्या मुलांच्या वाढदिवसाचे केकही करून देण्याचा विचार आहे. पुस्तक एकच घेता येणार, तेव्हा ते कसे पारखावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एकीचा असला तरी अशी पत्रे इतरही गावांहून येतात, म्हणून आज सगळ्यांसाठीच लिहिते.

अगोदर एक गोष्ट मनातून काढून टाका. पदार्थ बिघडला की आपण लगेच म्हणतो, "माझ्या हातालाच यश नाही." बाई गं, जिच्या हातच्या पुरणपोळ्या तव्यावर फुटत नाहीत, तिच्या हाताला केकपुरते यश नाही, असे कसे होईल? बरेचदा दोष हाताचा नसतो, पुस्तकाचा असतो. त्यात माप धड दिलेले नसते, किंवा ते दुसऱ्या देशाच्या हवेला, दुसऱ्या दुकानातल्या जिनसांना बेतलेले असते. म्हणून चांगले पुस्तक म्हणजे गुळगुळीत कागदाचे किंवा तोंडाला पाणी सुटेल अशा चित्रांचे नव्हे. आपल्या ओट्यावर, आपल्या गावच्या किराण्यावर, आपल्या हवेत ज्यातली कृती जमते ते चांगले. आता हे ओळखायचे कसे ते पाहू.

मापे पाहा

पुस्तक हातात आले की चित्रे नंतर पाहा. पहिल्या चारसहा पानांत मापांचा तक्ता आहे का ते शोधा. नसेल तर पुस्तक तिथेच खाली ठेवा.

कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याचे माप घराघरांत रुजले. रोजच्या स्वयंपाकाला ते माप उत्तमच. आमटीत अर्धी वाटी पाणी जास्त पडले तर दोन उकळ्या जास्त काढता येतात. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की अशी दुरुस्ती करता येत नाही. शिवाय वाटी कुणाची दीडशे मिलिलिटरची, तर कुणाची दोनशेची. अमेरिकन पुस्तकातला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. म्हणून केकच्या पुस्तकात ग्रॅम दिलेले असावेत हे पहिले लक्षण.

'चमचा' या शब्दाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि टेबलस्पून १५ चा. ऑस्ट्रेलियातले पुस्तक असेल तर त्यांचा टेबलस्पून २० चा. मराठी पुस्तकात नुसते 'एक चमचा सोडा' असे लिहिले असेल, तर चमचा कुठला हे कळल्याशिवाय कृती करू नका. सोडा तिप्पट पडला तर केक आधी भराभर फुगतो, मग खचतो आणि चवीला साबणासारखा लागतो. आपल्या बीबीच्या भगिनीचा पहिला केक मधोमध बसला, त्यामागे हेही एक कारण असू शकेल.

साखरेचेही तसेच. 'एक कप साखर, दळून' आणि 'एक कप पिठीसाखर' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपभर दाणेदार साखर भरते सुमारे २०० ग्रॅम आणि कपभर पिठीसाखर सुमारे १२० ग्रॅम. लेखिकेने हा फरक सांभाळला असेल तर तिने कृती स्वतः करून पाहिली आहे असे समजायला हरकत नाही.

जाता जाता सांगते, पुस्तकासाठी ठेवलेल्या पैशांतून जमल्यास एक लहान विजेरी काटाही घ्या. त्यावाचून चांगल्या पुस्तकाचाही पुरा उपयोग होत नाही.

कोको कुठला, चॉकलेट कुठले?

कृतीत नुसते 'चॉकलेट पावडर' लिहिणारे पुस्तक घेऊ नका. दुकानात त्या नावाखाली दोन वस्तू मिळतात. एक कोको पावडर, ती कडू असते. दुसरी दुधात घालून प्यायची, तिच्यात साखरच जास्त. कोकोच्या जागी ती वापरली तर केक गोडमिट्ट आणि फिकट होतो, चॉकलेटचा स्वाद लागतच नाही.

कोकोतही दोन प्रकार. साधा कोको थोडा आंबट असतो. दुसऱ्यावर खाराची प्रक्रिया करून आंबटपणा काढलेला असतो. ही रीत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये निघाली, म्हणून त्याला 'डच प्रोसेस्ड' किंवा 'अल्कलाइज्ड' म्हणतात. तो रंगाला गडद आणि चवीला सौम्य. आता गंमत अशी की खाण्याचा सोडा काम करतो तो आंबट पदार्थाशी गाठ पडली तरच. कृती साध्या कोकोची आणि सोड्याची असेल, आणि आपण त्यात डच कोको घातला व दुसरे काही आंबट नसले, तर केक फुगत नाही. आपल्याला वाटते हात जड पडला! चांगले पुस्तक कोको कुठला ते सांगते आणि का तेही सांगते.

वडीच्या चॉकलेटचेही असेच. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असते. केकचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लाद्या बहुधा 'कंपाउंड' असतात, म्हणजे कोको बटरच्या जागी दुसरे वनस्पती तूप. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली की कळते. कंपाउंड वाईट असे मी म्हणणार नाही. ते वितळवून ओतले की सहज घट्ट होते आणि उन्हाळ्यात बरे टिकते. पण त्याची चव निराळी आणि वागणूकही निराळी. पुस्तकातल्या बाईंनी काय वापरले हे आपल्याला कळले पाहिजे, एवढेच.

आपली हवा

थंड देशातल्या पुस्तकात 'रूम टेम्परेचरचे लोणी' असे हमखास असते. त्यांची खोली म्हणजे वीस-एकवीस अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बाहेर ठेवलेल्या लोण्याचे तेलच होते. ते साखरेबरोबर कितीही फेटले तरी त्यात हवा धरत नाही आणि केक दडस होतो. कोको बटर तर ३४ अंशांच्या आसपासच वितळते. म्हणजे चॉकलेटची पाने-फुले, नळ्या, जाळ्या ही सजावट पंख्याखाली बसून उन्हाळ्यात होणारी नाही. तो तुमचा नाकर्तेपणा नव्हे.

म्हणून अनुक्रमणिका पाहताना असा हिशेब करा: तेलातले केक, ब्राउनी, बिस्किटे, शिजवून करायची पुडिंगे किती आहेत, आणि सजावटीचे, थरांचे, थंडगार खोलीत करायचे पदार्थ किती? पहिल्या गटातले निम्म्याहून जास्त असतील तर पुस्तक वर्षभर कामाला येईल. दुसऱ्या गटातले पदार्थ दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत करावेत. चॉकलेटवर पांढुरकी साय धरली तर घाबरून फेकू नका. उष्णतेने आतला स्निग्धांश वर येऊन बसतो. ते बुरशी नव्हे, केकात घालायला चालते. हे ज्या पुस्तकात लिहिलेले असेल त्याने तुमचे पैसे वाचवले म्हणायचे.

अंडे आणि जिलेटिन

ज्या घरात अंडे चालत नाही तिथे जास्त जपून निवड करावी लागते. काही पुस्तकांत पन्नास कृती अंड्याच्या देतात आणि शेवटी एक तळटीप टाकतात, 'अंड्याऐवजी दही वापरावे.' अशा तळटिपेवर विसंबू नका. साध्या केकात दही किंवा आटवलेले गोड दूध चालते, पण त्याबरोबर सोडा, पाणी, तेल यांचे प्रमाणही बदलावे लागते. आणि चॉकलेट मूस, सुफ्ले, मैदा नसलेला केक यांचा तर सारा डोलारा फेटलेल्या अंड्यावरच उभा असतो. तिथे दह्याने काम भागत नाही. प्रामाणिक पुस्तक तसे स्पष्ट सांगते. तुमच्या घरी अंडे वर्ज्य असेल तर मुळातच बिनअंड्याच्या कृतींचे पुस्तक घ्या.

जिलेटिनकडेही लक्ष द्या. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. शाकाहारी घरात चायना ग्रास वापरतात, पण ते नीट उकळून विरघळवावे लागते, आणि तेवढेच वजन घेतले तर पुडिंग रबरासारखे घट्ट होते. पुस्तकात चायना ग्रासचे प्रमाण वेगळे दिले आहे का ते पाहा.

साय, लोणी आणि दुकानातले पाकीट

परदेशी पुस्तकांत 'हेवी क्रीम' किंवा 'डबल क्रीम' असते. त्यात स्निग्धांश पस्तीस टक्क्यांच्या वर. आपल्याकडे किराणा दुकानात 'फ्रेश क्रीम' म्हणून जे पाकीट मिळते त्यात तो साधारण पंचवीस टक्के असतो. ते तासभर फेटले तरी उभे राहणार नाही. केकवर ओतायच्या चॉकलेटच्या सॉससाठी मात्र ते चालते, फक्त जरा पातळ राहते, म्हणून चॉकलेट थोडे जास्त घ्यावे. बेकरीच्या केकवरची पांढरीशुभ्र नक्षी बहुधा वनस्पती तेलापासून केलेल्या गोड क्रीमची असते. त्यात आणखी साखर घालायची नसते.

लोण्याचे म्हणाल तर कृतीत बहुतेक बिनमिठाचे गृहीत धरलेले असते. पिवळे खारे बटर वापरले तर वरचे मीठ गाळा. घरचे तूप वापरायचे असेल तर शंभर ग्रॅम बटरला ऐंशी ग्रॅम तूप पुरते, कारण बटरमध्ये पाणीही असते. तेवढे पाणी किंवा दूध वरून घाला. इंग्लंडमधले पुस्तक 'सेल्फ रेझिंग' पीठ मागते, त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. आपला साधा मैदा तसाच घेतला तर केक फुगायचा नाही.

सारांश, कृतीच्या यादीतली दहापैकी आठ जिन्नस तुमच्या गावात किंवा मेहकर, लोणार, जालन्याच्या फेरीत मिळत असतील तरच ती कृती तुमची. नाहीतर पुस्तक नुसते दुपारी चाळायला उरते.

ओव्हन आणि भांडे

जुन्या पुस्तकांत उष्णता फॅरनहाइटमध्ये असते. ३५० म्हणजे आपले साधारण १८०. आत पंखा फिरणारा ओव्हन असेल तर वीस अंश कमी ठेवतात. पुस्तक कुठल्या ओव्हनला धरून लिहिले आहे ते सांगितलेले असावे. भांड्याचे मापही असावे. आठ इंची भांड्याची कृती नऊ इंचीत करायची तर सगळे जिन्नस सव्वापट घ्यावे लागतात, नाहीतर केक पापडासारखा पसरतो आणि कोरडा होतो. लहान ओव्हनमध्ये तेरा इंची मोठा ट्रे मावतच नाही, तेव्हा आधी आपला ओव्हन आतून पट्टीने मोजून ठेवा.

वेळेबरोबर खूणही हवी. 'पस्तीस मिनिटे भाजावा' एवढ्याने भागत नाही. 'मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघावी, कडा भांड्यापासून सुटाव्यात' असे लिहिणारी बाई ओव्हनसमोर उभी राहिलेली असते.

नावाजलेली पुस्तके

इंग्रजी वाचता येत असेल तर काही नावे सांगते. अमेरिकेतल्या एका बाईंचे नावच होते मैदा हीटर! त्यांचे फक्त चॉकलेटच्या गोड पदार्थांचे पुस्तक १९८० साली निघाले. शेजारणीने ओट्याजवळ उभे राहून सांगावे तशा पायरीपायरीने कृती सांगण्याबद्दल त्या नावाजल्या गेल्या. पण त्यात अंडी, लोणी, घट्ट क्रीम यांची रेलचेल आहे. रोझ लेव्ही बेरनबॉम यांचे 'द केक बायबल' १९८८ चे. त्यात कपाबरोबर वजनेही आहेत आणि अमुक का करायचे याचा खुलासाही. ॲलिस मेड्रिक यांच्या २००३ सालच्या 'बिटरस्वीट'मध्ये कमी-जास्त कोकोचे चॉकलेट वापरताना काय बदलते ते समजावले आहे. आपल्याकडचे पाहायचे तर मुंबईच्या पूजा धिंग्रा यांचे 'द बिग बुक ऑफ ट्रीट्स' २०१४ मध्ये आले.

यांतले एकही पुस्तक डोळे झाकून घ्या असे मी म्हणणार नाही. वरच्या कसोट्या मोठ्या नावांनाही लावा. आणि विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात विचारा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावी वाचनालय असतेच. पुस्तक नसेल तर मागणी नोंदवता येते. पुस्तक पंधरा दिवस घरी आणून त्यातल्या दोन कृती केल्या की मग घ्यायचे की नाही ते आपोआप ठरते. घरपोच मागवणार असाल तर आतली चार पाने पाहायला मिळतात का ते बघा, आणि परत करायची सोय असेल तरच पैसे भरा.

दहा मिनिटांची परीक्षा

पुस्तक हातात असेल तेव्हा त्यातला सगळ्यांत साधा चॉकलेट केक उघडा आणि स्वतःला विचारा:

१. वजन ग्रॅममध्ये आहे का? चमचा कुठला ते सांगितले आहे का?

२. कोको कुठला, चॉकलेट कुठले ते लिहिले आहे का?

३. भांड्याचे माप, ओव्हनची उष्णता आणि झाल्याची खूण, तिन्ही आहेत का?

४. यादीतले सगळे जिन्नस कृतीत वापरले आहेत का? एखादा मध्येच हरवला तर छपाई निष्काळजी समजावी.

५. बिघडले तर काय करावे, यावर एक तरी ओळ आहे का?

पाचापैकी चार उत्तरे 'हो' आली तर पुस्तक घ्या.

ताडून पाहायला एक कृती

प्रमाणे पटतात का हे पाहायला एक नमुना जवळ असू द्या. हा केक अमेरिकेत टंचाईच्या काळापासून घरोघरी होत आला आहे. यात ना अंडे, ना लोणी, ना दूध.

मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम (जाड असेल तर दळून, वजन तेवढेच), साधा कोको २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा चहाचा १ सपाट चमचा, मीठ चहाचा अर्धा चमचा, बिनवासाचे तेल ८० मिलिलिटर, व्हिनेगर १ टेबलस्पून, व्हॅनिला चहाचा १ चमचा, पाणी २४० मिलिलिटर.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापत ठेवा. आठ इंची भांड्याला तेल लावून कागद घाला. कोरडे जिन्नस दोनदा चाळून घ्या. पाणी, तेल, व्हिनेगर, व्हॅनिला एकत्र करून त्यात ओता आणि कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलवा. जास्त घोटाल तर केक चिवट होईल. व्हिनेगर आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुटू लागतात, म्हणून मिश्रण तसेच ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. लगेच भांड्यात ओतून तीस ते पस्तीस मिनिटे भाजा. पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नका. काडी कोरडी निघाली की बाहेर काढून दहा मिनिटांनी जाळीवर उपडा करा.

यात जवळपास दोनशे ग्रॅम मैद्याला चहाचा एकच चमचा सोडा आहे. एखाद्या पुस्तकात तेवढ्याच मैद्याला तीन चमचे सोडा दिसला तर तो छापखान्याचा प्रताप समजावा.

बीबीच्या भगिनीस एवढेच सांगणे की तुम्ही आधी हा केक तीनदा करा, तिन्ही वेळा जिन्नस वजन करून घ्या. तिन्ही केक सारखे झाले की हात बसला. मग पुस्तक आणा, आणि प्रत्येक कृतीशेजारी पेन्सिलीने तारीख, किती मिनिटे लागली आणि काय बदलले ते लिहीत जा. दोन वर्षांनी ते पुस्तक तुमच्या ओव्हनचे, तुमच्या हवेचे होईल आणि दुकानातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचे ठरेल. विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी मात्र करून घ्या, ती घरगुती धंद्यालाही लागते. भाव ठरवताना जिन्नस, वीज आणि खोके यांबरोबर आपल्या वेळेचेही पैसे धरा. आपण बायका नेमके तेच विसरतो.

पुढच्या वेळी पाहू, उन्हाळ्यात कोको, मैदा आणि सुकामेवा किडीपासून कसा जपावा. तुमच्याकडच्या युक्त्या असतील तर जरूर कळवा.